काळ्या रॉबिनचे पुनरुज्जीवन आणि रोगप्रतिकारक जनुकांतील विविधतेचा ऱ्हास

प्रस्तावना

एखाद्या पक्षिप्रजातीचे संवर्धन यशस्वी झाले किंवा नाही, हे सामान्यतः पक्ष्यांच्या संख्येवरून ठरविले जाते. संख्या वाढली म्हणजे प्रजाती वाचली, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज चुकीचा म्हणता येणार नाही, कारण मुळात पक्षीच उरले नाहीत तर पुढील सर्व चर्चा निरर्थक ठरते. तथापि, प्रजातीची संख्या घटत असताना पक्ष्यांबरोबर त्यांच्या पेशींतील जनुकांचे अनेक प्रकारही नाहीसे होतात आणि पुढे संख्या वाढली तरी ते परत येत नाहीत. यांपैकी रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांचा ऱ्हास विशेष चिंतेचा मानला जातो. न्यूझीलंडच्या चॅटम बेटांवरील काळा रॉबिन या पक्ष्याच्या बाबतीत हा ऱ्हास किती टोकाला जाऊ शकतो, हे स्पष्टपणे पाहावयास मिळते. या पक्ष्याच्या प्रतिकारक जनुकांचे नेमके काय झाले, ते निसर्गनिवडीला का रोखता आले नाही आणि त्यामुळे संवर्धनाच्या निर्णयांवर कोणती बंधने येतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आरंभी नावाविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे माळरानावर व गावाच्या कडेला दिसणारा ‘चिरक’ इंग्रजीत रॉबिन म्हणून ओळखला जात असला, तरी चॅटमच्या रॉबिनशी त्याचे जवळचे नाते नाही. काळा रॉबिन (पेट्रोइका ट्रॅव्हर्सी) हा ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व परिसरात आढळणाऱ्या वेगळ्या कुळातील पक्षी आहे. आकाराने चिमणीएवढा, संपूर्ण काळ्या रंगाचा आणि जंगलातील जमिनीवरील किडे वेचून खाणारा हा पक्षी चॅटम द्वीपसमूहाबाहेर कोठेही आढळत नाही.

एका जोडीपासून उभी राहिलेली प्रजाती

चॅटम द्वीपसमूह न्यूझीलंडच्या मुख्य भूमीपासून पूर्वेला सुमारे ८०० किलोमीटर अंतरावर आहे. मानवी वस्तीबरोबर तेथे मांजरे व उंदीर आले, मेंढ्यांच्या कुरणांसाठी जंगले तोडली गेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत काळा रॉबिन लिटल मँगेरे या एकाच लहानशा बेटापुरता उरला. उभ्या कड्यांमुळे तेथे मांजरे पोहोचली नव्हती. माथ्यावरील काही हेक्टर झाडोऱ्यात या प्रजातीने जवळजवळ शंभर वर्षे काढली. जनुकशास्त्राच्या दृष्टीने हा शंभर वर्षांचा काळ अत्यंत महत्त्वाचा आहे. पुढे घडलेल्या नाट्यमय घटनांमुळे त्याकडे सहसा दुर्लक्ष होते.

१९७२ मध्ये लिटल मँगेरेवर १८ पक्षी मोजले गेले. १९७६ पर्यंत ही संख्या ७ वर आली. बेटावरील झाडोरा झपाट्याने खराब होत असल्यामुळे वन्यजीव विभागाने हे सातही पक्षी शेजारच्या मँगेरे बेटावर हलविले. त्यासाठी तेथे मोठ्या प्रमाणावर वृक्षलागवड करण्यात आली होती. तरीही घट थांबली नाही. १९८० साली केवळ पाच पक्षी शिल्लक राहिले. त्यांत माद्या दोनच होत्या आणि वंश पुढे नेऊ शकेल अशी जोडी प्रत्यक्षात एकच ठरली. पायातील कड्यांच्या रंगांवरून या जोडीतील मादीला ‘ओल्ड ब्लू’ व नराला ‘ओल्ड यलो’ अशी नावे मिळाली.

डॉन मर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या टप्प्यावर योजलेला उपाय आज संवर्धनशास्त्राच्या इतिहासाचा भाग बनला आहे. रॉबिनची मादी साधारणतः दोन अंडी घालते, मात्र ती नष्ट झाल्यास पुन्हा घालू शकते. तेव्हा पहिली अंडी काढून घेऊन दुसऱ्या जातीच्या पक्ष्याच्या घरट्यात उबविण्यास ठेवावीत आणि मूळ जोडीला पुन्हा अंडी घालण्यास प्रवृत्त करावे, असे ठरले. प्रथम चॅटम वार्बलर या छोट्या पक्ष्याची निवड झाली. तो अंडी उबवी, पण वाढत्या पिलांना पुरेसे अन्न पुरवू शकत नसे. त्यानंतर रंगतिरा बेटावरील टॉमटिट या पक्ष्याच्या घरट्यांचा वापर करण्यात आला आणि योजना यशस्वी झाली. आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. येथे तेच काम पक्ष्याच्या वतीने माणसांनी केले. ओल्ड ब्लू सुमारे तेरा-चौदा वर्षे जगली. या जातीचे पक्षी सर्वसाधारणपणे याच्या निम्मेही जगत नाहीत. १९८९ च्या सुमारास संख्या शंभरावर गेल्यानंतर हा थेट हस्तक्षेप थांबविण्यात आला. आज मँगेरे व रंगतिरा या दोन बेटांवर मिळून अडीचशे ते तीनशेच्या आसपास पक्षी आहेत आणि ते सर्व त्या एकाच जोडीचे वंशज आहेत.

प्रतिकारक जनुके विविध का असावी लागतात

पृष्ठवंशी प्राण्यांच्या शरीरात रोगजंतू ओळखण्याची व्यवस्था दोन स्तरांवर चालते. पहिला स्तर जन्मजात प्रतिकाराचा. त्यात ‘टोल-लाइक रिसेप्टर’ (टीएलआर) नावाची प्रथिने जिवाणूंच्या भित्तिकेतील किंवा विषाणूंच्या जनुकद्रव्यातील ठराविक, सहसा न बदलणाऱ्या खुणा ओळखून पेशीला सावध करतात. दुसरा स्तर संपादित प्रतिकाराचा. तो सावकाश जागा होतो, परंतु नेमका असतो आणि स्मृतीही ठेवतो. या दुसऱ्या स्तराचा पाया म्हणजे ‘मेजर हिस्टोकम्पॅटिबिलिटी कॉम्प्लेक्स’ हा जनुकसमूह होय. पुढील विवेचनात त्याचा उल्लेख ‘एमएचसी’ असा केला आहे.

एमएचसी प्रथिनांचे काम एका वाक्यात सांगावयाचे तर पेशीच्या पृष्ठभागावर नमुने मांडण्याचे आहे. पेशीमध्ये तयार झालेल्या किंवा बाहेरून गिळलेल्या प्रथिनांचे लहान तुकडे या प्रथिनांच्या खोबणीत बसतात व पेशीच्या बाहेरील बाजूस येतात. तेथून जाणाऱ्या टी-पेशी ते तपासतात आणि तुकडा परका आढळल्यास प्रतिकाराची साखळी सुरू होते. वर्ग १ ची एमएचसी प्रथिने मुख्यतः पेशीच्या आत वाढणाऱ्या विषाणूंचे, तर वर्ग २ ची प्रथिने बाहेरून घेतलेल्या जिवाणू व परजीवींचे तुकडे मांडतात. संक्रमित पेशी टी-पेशीला ओळखू यावयाची असेल तर हा तुकडा स्वतःच्या एमएचसी प्रथिनासोबतच मांडला गेला पाहिजे, हे पीटर डोहर्टी व रॉल्फ झिंकरनागेल यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. या शोधासाठी त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

विविधतेचा प्रश्न त्या खोबणीपाशी उद्भवतो. खोबणीचा आकार व तिच्यातील रासायनिक स्वरूप जनुकाच्या प्रकारानुसार बदलते. एका प्रकारच्या खोबणीत जे तुकडे बसतात ते दुसऱ्या प्रकारच्या खोबणीत बसतीलच असे नाही. ज्या रोगजंतूचा एकही महत्त्वाचा तुकडा प्राण्याच्या कोणत्याही खोबणीत बसत नाही, त्याच्याबाबत ही यंत्रणा जवळपास आंधळी राहते. म्हणून एकाच जनुकाचे दोन भिन्न प्रकार आई व वडिलांकडून मिळालेल्या, म्हणजेच विषमयुग्मजी प्राण्याला दोन्ही बाजूंचे समान प्रकार मिळालेल्या समयुग्मजी प्राण्यापेक्षा अधिक रोगजंतू ओळखता येतात.

याखेरीज आणखी एक कारण आहे आणि समूहाच्या दृष्टीने ते कदाचित अधिक महत्त्वाचे असावे. रोगजंतूंची पिढी अत्यंत अल्प काळाची असते. समूहात बहुसंख्य असलेल्या एमएचसी प्रकाराला चुकविणारा रोगजंतू अल्पावधीत पसरतो. अशा वेळी ज्यांच्याजवळ दुर्मीळ प्रकार असतो ते प्राणी तगतात, त्यांची प्रजा वाढते आणि कालांतराने तो प्रकार सामान्य होऊन पूर्वीचा सामान्य प्रकार दुर्मीळ होतो. अशा रीतीने अनेक प्रकार एकाच वेळी समूहात टिकविणाऱ्या निवडीला ‘संतुलनकारी निवड’ असे म्हणतात. सर्व शिवारात एकाच वाणाचे पीक घेतल्यास तांबेऱ्याची एक लाट सगळ्या शिवाराचे नुकसान करते, हा आपल्या शेतकऱ्यांचा अनुभव याच तत्त्वाशी जुळणारा आहे.

एका प्रकारामुळे जगण्या-मरण्याचा फरक पडतो याचा पक्ष्यांमधील पुरावा कोंबड्यांकडून मिळाला. विषाणूमुळे होणाऱ्या मॅरेक रोगाची लागण झाली असता एमएचसीचा ‘बी-२१’ हा संच असणाऱ्या कोंबड्या मोठ्या प्रमाणात बचावतात, तर काही अन्य संच असणाऱ्या मरतात, असे १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. कोंबडीमध्ये हा संबंध इतका ठळक दिसतो याचे एक कारण म्हणजे तिची एमएचसी अत्यंत आटोपशीर आहे. काही मोजक्या जनुकांवरच सर्व भार असतो. रॉबिनसारख्या गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये मात्र वर्ग २ च्या जनुकांच्या अनेक प्रती गुणसूत्रावर आढळतात. त्यामुळे त्यांचा अभ्यास करणे किचकट होते.

निवड आणि योगायोग

येथे एक स्वाभाविक शंका निर्माण होते. संतुलनकारी निवड जर एमएचसीची विविधता राखून ठेवण्याचेच काम करीत असेल, तर प्रजातीची संख्या घटली तरी निदान ही जनुके तरी विविध राहावयास हवीत. इतर जनुकांतील विविधता लोपली तरी रोगप्रतिकारक जनुकांतील विविधता निवडीच्या बळावर तगून राहील, अशी आशा काही काळ अनेक अभ्यासकांना होती. ती कोणत्या परिस्थितीत फोल ठरते हे समजण्यासाठी थोडे गणित पाहणे आवश्यक आहे.

प्रत्येक पिढीत पुढे जाणारी जनुके म्हणजे आधीच्या पिढीतील जनुकांतून काढलेला नमुना असतो. अनेक वाणांचे मिश्र धान्य भरलेल्या पोत्यातून पायलीभर धान्य पेरणीसाठी काढले, तर बहुतेक सर्व वाण त्यात येतील. तेच चिमूटभर काढले तर काही वाण केवळ योगायोगाने गळतील, मग ते कितीही चांगले असोत. या योगायोगाने होणाऱ्या बदलाला ‘जनुकीय अपवाह’ म्हणतात. समूहातील प्रजननक्षम प्राण्यांची परिणामी संख्या ‘न’ मानली, तर दर पिढीला विषमयुग्मजीपणाचा १/(२न) इतका अंश नष्ट होतो. उदाहरणादाखल ही संख्या २५ धरली तर दर पिढीला २ टक्के घट होते. ही घट क्षुल्लक भासते, पण अशा ४० पिढ्या गेल्या तर मूळ विषमयुग्मजीपणाच्या केवळ ४५ टक्के भाग उरतो. उलट एका पिढीपुरती एकच जोडी उरली, तर त्या एका पिढीत होणारी घट २५ टक्के असते.

या दोन आकड्यांची तुलना उद्बोधक आहे. काळ्या रॉबिनची कथा सांगताना सर्व भर १९८० च्या त्या एका जोडीवर दिला जातो. परंतु वरील हिशेब विचारात घेता लिटल मँगेरेवरील शंभर वर्षांच्या संथ कोंडमाऱ्याने त्याहून अधिक हानी केली असणे शक्य आहे. मात्र एक गोष्ट त्या जोडीनेच निश्चित केली. एका जोडीत कोणत्याही एका जनुकाचे जास्तीत जास्त चार प्रकार असू शकतात. त्यापूर्वी समूहात कितीही प्रकार असले तरी पुढे चाराच्या वर एकही जाऊ शकत नव्हता. आणि त्यापुढील पिढीत भावंडांचाच संबंध अपरिहार्य असल्याने त्या चारांपैकीही काही गळण्याची शक्यता मोठी होती.

आता निवडीकडे वळू. एखाद्या प्रकारामुळे मिळणारा फायदा १/(२न) पेक्षा बराच मोठा असेल तरच निवड अपवाहावर मात करू शकते. २५ प्रजननक्षम पक्ष्यांच्या समूहात हा उंबरठा २ टक्क्यांचा आहे. रोगाची साथ नसलेल्या वर्षी एका एमएचसी प्रकाराने मिळणारा फायदा याहून कमी असणे सहज संभवते. अशा वेळी निवडीच्या दृष्टीने तो प्रकार असला काय आणि नसला काय, सारखेच. पुढे कधी साथ आली आणि तोच प्रकार लाखमोलाचा ठरावयाचा असला, तरी तोपर्यंत तो समूहात शिल्लक राहील याची हमी निवड देऊ शकत नाही. निसर्गनिवड वर्तमानातील परिस्थितीवर काम करते. भविष्यातील रोगासाठी तरतूद करून ठेवणे तिच्या स्वभावात नाही.

मिलर व लॅम्बर्ट यांचा अभ्यास

वरील विचाराची प्रत्यक्ष कसोटी हिलरी मिलर व डेव्हिड लॅम्बर्ट यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लागली. या अभ्यासाची रचना विशेष उल्लेखनीय आहे. केवळ काळ्या रॉबिनची तपासणी करून विविधता कमी आढळली असती, तर ती या जातीत मुळापासूनच कमी होती असा आक्षेप घेता आला असता. त्यासाठी संशोधकांनी तिच्या जवळच्या नातेवाईक प्रजातीची, म्हणजे संकटग्रस्त नसलेल्या साउथ आयलंड रॉबिनची जोड घेतली. सुदैवाने या दुसऱ्या प्रजातीत एक तयार प्रयोग उपलब्ध होता. १९७३ मध्ये मोटुआरा व ऑलपोर्ट्स या दोन बेटांवर वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले प्रत्येकी पाच पक्षी सोडण्यात आले होते आणि त्यांपासून दोन स्वतंत्र समूह वाढले होते. अशा प्रकारे भरपूर संख्या असलेले मूळ समूह, पाच पक्ष्यांपासून वाढलेले समूह आणि एका जोडीपासून वाढलेली संपूर्ण प्रजाती यांची तुलना करता आली.

तपासणी एमएचसीच्या वर्ग २ मधील ‘बी’ जनुकांच्या त्या भागाची होती, जो खोबणीची घडण ठरवितो. पेट्रोइका गटात अशी किमान चार कार्यरत जनुके असल्याचे आधीच माहीत होते. साउथ आयलंड रॉबिनच्या एकेका पक्ष्यात ८ ते १४ निरनिराळे अनुक्रम सापडले. काळ्या रॉबिनच्या एकेका पक्ष्यात ३ किंवा ४ च. त्याहून महत्त्वाचे असे की काळ्या रॉबिनमध्ये पक्ष्या-पक्ष्यांत फरकच नव्हता. या जनुकांपुरती ती प्रजाती एकरूप झाली होती. पाच पक्ष्यांपासून वाढलेल्या समूहांत मात्र मध्यम प्रमाणात विविधता टिकून होती.

ही विविधता निवडीने टिकविली की योगायोगाने टिकली, हे ठरविण्यासाठी संशोधकांनी तिची तुलना मिनिसॅटेलाइट डीएनएशी केली. डीएनएचा हा भाग कोणत्याही प्रथिनाची माहिती वाहत नाही, त्यामुळे त्यावर निवडीचा थेट प्रभाव पडत नाही. एमएचसीमधील घट व या तटस्थ डीएनएमधील घट साधारणतः बरोबरीने चालल्याचे दिसले. अर्थात संख्या अत्यल्प झालेल्या समूहांत अपवाह निवडीवर भारी पडला होता. दीर्घ उत्क्रांतिकाळात मात्र या जनुकांवर संतुलनकारी निवडीची छाप स्पष्ट दिसते, असेही त्यांनी नोंदविले. दोन्ही निरीक्षणांत विरोध नाही. हजारो पिढ्यांत निवडीने साठविलेले भांडार काही दशकांच्या योगायोगाने रिकामे होऊ शकते, इतकाच त्याचा अर्थ आहे.

जन्मजात प्रतिकाराच्या टीएलआर जनुकांबाबतही चित्र फारसे निराळे नाही. न्यूझीलंडमध्येच उल्व्हा बेटावर पुनःस्थापित झालेल्या स्ट्यूअर्ट आयलंड रॉबिनच्या समूहाचा कॅथरीन ग्रुबर व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वंशावळ माहीत असलेल्या ७२२ पक्ष्यांचा व ९ वर्षांच्या कालावधीचा हा अभ्यास होता, आणि समूहाचे जनुकीय संस्थापक १२ होते. बहुतेक टीएलआर जनुकांवर निवडीचा प्रभाव आढळला नाही. अपवाद एकाच जनुकाचा. टीएलआर-४ ची विशिष्ट जोडी असलेल्या पिलांचा प्रौढ होण्यापूर्वी मरण्याचा धोका इतरांच्या निम्म्याहूनही कमी होता. हा अपवाद दुर्लक्षिण्याजोगा मुळीच नाही. बारा संस्थापकांच्या समूहात असा एक उपयुक्त प्रकार योगायोगाने शिल्लक राहिला, म्हणूनच निवडीला काम करण्यास वाव मिळाला. न्यूझीलंडबाहेर, दक्षिण आफ्रिका व इथिओपिया येथील अतिसंकटग्रस्त व्हाइट-विंग्ड फ्लफटेल या पाणथळीतील पक्ष्यातही टीएलआर जनुकांची विविधता अत्यल्प असल्याचे २०१६ मध्ये नोंदविले गेले.

साथ येईपर्यंत

या सर्वांवर एक वजनदार आक्षेप आहे. काळ्या रॉबिनमध्ये विविधता नाही हे मान्य केले तरी प्रजाती वाढली आहे. मग विविधतेची एवढी चिंता का करावी? १९९७ मध्ये आर्डर्न व लॅम्बर्ट यांनी हाच प्रश्न विचारला होता. तटस्थ डीएनएमध्ये विविधता अत्यंत कमी असूनही या पक्ष्याचे जगणे व प्रजनन त्याच्या नातेवाइकांच्या तुलनेत फारसे उणे नाही आणि प्रचलित परिस्थितीत प्रजाती टिकू शकते, असे त्यांचे मत होते. पुढे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वंशावळींच्या दीर्घ नोंदींवर आधारित अभ्यासाने या मतात मोठी भर घातली. अंतःप्रजननाचे प्रमाण जितके अधिक, तितकी पिलांच्या जगण्याची शक्यता कमी, असा तीव्र परिणाम त्यात आढळला. शिवाय इतक्या पिढ्यांच्या अंतःप्रजननानंतर हानिकारक जनुके आपोआप गळून गेली असावीत, ही अपेक्षाही खरी ठरली नाही.

तरीही ‘प्रचलित परिस्थितीत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. प्रतिकारक जनुकांच्या विविधतेचे मूल्य नव्या रोगाच्या आगमनाशी बांधलेले असते. रोग न येणाऱ्या वर्षांत तिची उणीव मोजता येत नाही. पॅसिफिक महासागरातील दुसऱ्या एका द्वीपसमूहात, हवाईमध्ये, हे चित्र उलटे पाहावयास मिळते. तेथे मूलतः डास नव्हते. १८२६ मध्ये एका जहाजाच्या पाण्याबरोबर ते पोहोचले असे मानले जाते, आणि कालांतराने पक्ष्यांचा हिवताप पसरला. तेथील ‘इइवी’ हा लाल रंगाचा पक्षी मोठ्या संख्येने आढळत असे. तथापि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संक्रमित डासाच्या एका दंशानेही दहांतील सुमारे नऊ पक्षी मेले. विविधता पूर्णतः गमावलेली नसतानाही अनोळखी रोगापुढे असे घडू शकते. उलट ‘अमाकिही’ या त्याच्या भाईबंदाच्या सखल भागातील समूहांमध्ये मात्र हिवताप सहन करण्याची क्षमता विकसित झाली. त्यासाठी वाचणाऱ्या काही पक्ष्यांत वेगळे काही असणे ही पूर्वअट होती. ज्या समूहात सर्व पक्षी एका साच्याचे आहेत, तेथे ही पूर्वअटच पूर्ण होत नाही.

एमएचसीवर सर्व भार टाकणेही योग्य नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. प्रतिकारशक्तीत इतर शेकडो जनुकांचा सहभाग असतो आणि एमएचसीची विविधता कमी असूनही दीर्घकाळ टिकलेल्या प्रजाती ज्ञात आहेत. ‘विविधता नाही म्हणजे विनाश अटळ’ असे सोपे समीकरण मांडणाऱ्या लोकप्रिय लिखाणापासून अभ्यासकांनी सावध राहिले पाहिजे.

घरट्याच्या काठावरील अंडी

काळ्या रॉबिनच्या इतिहासातील आणखी एक प्रसंग या संदर्भात सांगण्याजोगा आहे. तो रोगाशी संबंधित नाही, परंतु लहान समूहात निवडीचे बळ किती सहज बाजूला सारले जाते हे त्यावरून कळते. १९८० च्या दशकात काही माद्या घरट्याच्या मध्यभागी अंडी न घालता काठावर घालीत असल्याचे आढळले. काठावरील अंडे उबविले जात नाही व वाया जाते. एकेक अंडे मोलाचे असल्याने कार्यकर्ते ते हलकेच घरट्यात सरकवीत. त्या परिस्थितीत दुसरे कोणीही हेच केले असते. मात्र ही सवय आनुवंशिक होती. माणसांच्या मदतीमुळे तिची शिक्षा टळली आणि ती पसरली. १९८९ पर्यंत निम्म्याहून अधिक माद्या काठावर अंडी घालू लागल्या होत्या. मदत थांबल्यानंतर हे प्रमाण घसरत ९ टक्क्यांपर्यंत आले, असे मॅसारो व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखविले. योग्य वेळी हस्तक्षेप थांबला म्हणून निवडीला हा दोष आवरता आला. घरट्यात योग्य जागी अंडी घालण्याचे जनुक समूहात शिल्लक होते, हेही तितकेच महत्त्वाचे. वर्ग २ च्या एमएचसी जनुकांत असे पर्यायी काही शिल्लकच नाही.

दोन बेटांमधील अदलाबदल

गमावलेली विविधता परत आणण्याचे मार्ग मोजके आहेत. उत्परिवर्तनाने नवे प्रकार निर्माण होतात, परंतु त्यास हजारो पिढ्या लागतात. एमएचसीच्या शेजारी-शेजारी असलेल्या प्रतींमध्ये तुकड्यांची देवाणघेवाण होऊन नवे प्रकार काहीसे लवकर तयार होऊ शकतात आणि अशा देवाणघेवाणीच्या खुणा २००४ च्या अभ्यासातही आढळल्या. तथापि ज्या प्रतींमध्ये देवाणघेवाण व्हावयाची त्याच एकरूप असतील, तर हाती फारसे काही लागत नाही. राहता राहिला व्यवहार्य मार्ग म्हणजे दुसऱ्या समूहातून पक्षी आणणे.

साउथ आयलंड रॉबिनच्या बाबतीत हा मार्ग यशस्वी झाल्याचे हेबर व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. मोटुआरा व ऑलपोर्ट्स येथील समूह स्वतंत्रपणे अंतःप्रजनित होते. मोटुआराच्या पक्ष्यांची प्रतिकारक्षमता मूळ समूहाच्या तुलनेत कमी असल्याचे २००७ मध्येच निदर्शनास आले होते. संशोधकांनी या दोन बेटांमध्ये माद्यांची अदलाबदल केली. संकरित पिलांचे जगण्याचे प्रमाण सुधारले, नरांच्या शुक्राणूंचा दर्जा सुधारला आणि प्रतिकारक्षमतेच्या चाचण्यांतही ती सरस ठरली. या प्रयोगातील उल्लेखनीय बाब अशी की दाता समूहही दुर्बळच होता. दोन्ही समूहांनी वेगवेगळी जनुके गमावली होती, म्हणून ते एकमेकांची उणीव भरून काढू शकले.

काळा रॉबिनही दोन बेटांवर आहे. पण मँगेरे व रंगतिरा येथील पक्षी एकाच जोडीची प्रजा असल्यामुळे त्यांच्यात अदलाबदल करून नवीन काही मिळत नाही. तटस्थ जनुकांत राहिलेले किरकोळ फरक एकत्र आणता येतील, परंतु वर्ग २ च्या जनुकांत दोन्हीकडे तेच ते आहे. दुसऱ्या प्रजातीशी संकर घडवून आणणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, मात्र तसे केल्यास जी प्रजाती वाचवावयाची तिचे वेगळेपणच धोक्यात येते.

संवर्धनाच्या निर्णयांवर परिणाम

१९९१ मध्ये ऑस्टिन ह्यूज यांनी असे सुचविले होते की बंदिस्त प्रजननाच्या कार्यक्रमांत जोड्या ठरविताना एमएचसीची विविधता राखणे हे प्रमुख उद्दिष्ट असावे. त्याच वर्षी या सूचनेवर टीका झाली. एकाच जनुकसमूहाकडे लक्ष दिल्यास उर्वरित जनुकांतील विविधता दुर्लक्षित होऊन अधिक वेगाने घटेल, हा टीकाकारांचा मुख्य मुद्दा होता आणि तो ग्राह्य वाटतो. काळ्या रॉबिनच्या उदाहरणावरून पाहता हा वाद काहीसा उशिरा सुरू होणारा आहे. जोड्या कशा लावाव्यात याची निवड करण्यासाठी जोड्यांमध्ये फरक असावा लागतो. तो फरक राखण्याची वेळ संख्या पाचवर येण्यापूर्वीची, लिटल मँगेरेवर एकच समूह शिल्लक असतानाची होती. पाच संस्थापकांच्या समूहांत मध्यम विविधता टिकली आणि एका जोडीच्या समूहात ती संपली. नव्या बेटावर किती पक्षी न्यावेत, ते एकाच ठिकाणचे असावेत की अनेक ठिकाणचे, हे ठरविताना या दोन निष्कर्षांमधील अंतर निर्णायक ठरते.

काळ्या रॉबिनसाठी आज उपलब्ध असलेला उपाय म्हणजे रोग बेटांपर्यंत पोहोचू न देणे. लसीकरण हा पर्याय दुर्मीळ पक्ष्यांसाठी आता विचारात घेतला जाऊ लागला आहे. बर्ड फ्लूच्या साथीनंतर २०२३ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्निया काँडॉरला लस देण्यात आली आणि २०२४ मध्ये न्यूझीलंडमध्ये पाच दुर्मीळ प्रजातींच्या बंदिस्त पक्ष्यांवर लसीची चाचणी झाली. परंतु लसीतील प्रथिनांचे तुकडेही शेवटी त्याच खोबणीत बसावे लागतात. सर्व पक्ष्यांत खोबणी एकसारखी असल्यास लस एकाला उपयोगी पडली तर बहुधा सर्वांना पडेल आणि एकाला पडली नाही तर कोणालाच पडणार नाही. शिवाय अडीचशे रानटी पक्षी पकडून त्यांना लस टोचणे ही सोपी गोष्ट नाही. त्यामुळे मँगेरे व रंगतिरा ही दोन्ही बेटे राखीव ठेवून तेथील प्रवेश परवान्याने मर्यादित करणे, बेटावर उतरणाऱ्या प्रत्येकाचे कपडे, पादत्राणे व सामान तपासणे, बियाणे, उंदीर वा कीटक यांपैकी काहीही नावेतून जाणार नाही याची खबरदारी घेणे, या वरवर साध्या वाटणाऱ्या कामांवर या प्रजातीचे आरोग्य अवलंबून आहे.